काउंटरवर दिसणारा, भाविकांना न दिसणारा नकाशा: पंचवटीतील एका यात्री निवासाच्या वेबसाइटचे प्रकरण

पंचवटीत काळाराम मंदिराच्या परिसरातील एका अरुंद गल्लीत एका धर्मादाय न्यासाचे यात्री निवास आहे. न्यासाचे नाव आणि वेबसाइटचा पत्ता येथे मुद्दाम दिलेला नाही. नाशिकरोड स्थानकावर उतरलेला प्रवासी रिक्षाने पंचवटी कारंजापर्यंत विनासायास येतो. त्याची खरी अडचण सुरू होते ती शेवटच्या दोनतीनशे मीटरांत, कारण तेथील गल्ल्या एकमेकींत शिरलेल्या आहेत आणि निम्म्या लॉजच्या पाट्यांवर राम किंवा सीता असतेच. पर्वणीच्या आणि सणावाराच्या दिवशी रामकुंडाकडे येणारे रस्ते वाहनांसाठी बंद होतात, त्यामुळे स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्याला निवासाचे दार ठाऊक असून भागत नाही. गाडी कोठे लावायची, हे त्याला आधी कळावे लागते. म्हणूनच न्यासाच्या वेबसाइटवर ‘येथे कसे पोहोचाल’ या पानावर तीन खुणा असलेला गूगल नकाशा बसवलेला होता: निवासाचे दार, वाहनतळ आणि रिक्षा उतरवते ती जागा.

दोष शोधून दुरुस्त करण्यासाठी आमच्याकडे तक्रार आली ती या नकाशाबद्दल. होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते ती सेवा, बदलल्यानंतर काही आठवड्यांतच बाहेरगावच्या भाविकांचे रस्ता विचारणारे फोन वाढले आणि त्यांतील बरेच जण ‘नकाशा उघडत नाही’ असे सांगू लागले. सिंहस्थामुळे २०२७ सालच्या खोल्यांची चौकशी आत्तापासूनच चालू असल्याने विश्वस्तांना ही गोष्ट टाळता येण्यासारखी नव्हती. व्यवस्थापकांचे म्हणणे मात्र वेगळे होते. “सर, आमच्या काउंटरवर नकाशा चोवीस तास व्यवस्थित दिसतो. लोकांच्याच मोबाइलला रेंज नसते,” असे त्यांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितले आणि उघडून दाखवलेही. नकाशा खरोखरच दिसत होता.

‘नकाशा उघडत नाही’ या तीन शब्दांवर तपास सुरू करणे म्हणजे वेळेचा अपव्यय असतो. न उघडण्याचेही प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकार दोषाची जागा बऱ्यापैकी दाखवून देतो. नकाशाच्या जागी काहीच नसेल, पानाचा खालचा मजकूर सरळ वर सरकलेला असेल, तर बहुतेक वेळा नकाशा ज्या चौकटीत बसायचा तिची उंचीच शून्य झालेली असते. उंची टक्केवारीत दिलेली असते आणि बाहेरच्या चौकटीला स्वतःची उंची नसते. नकाशा काळपट होऊन त्यावर ‘फक्त विकासाच्या हेतूने’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आडवी उमटली असतील, तर प्रश्न बिलिंगचा, म्हणजे गूगलच्या खात्याला पैसे भरण्याची सोय जोडलेली नसल्याचा, असतो. चौकटीत तुटलेल्या कागदाचे चित्र आणि ‘जोडणी नाकारली’ असा मजकूर असेल, तर जे पान दुसऱ्याच्या पानात बसू देण्याची परवानगी नाही तेच आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात दुसरे पान दाखवणाऱ्या चौकटीत, घातलेले असते. कन्सोलमध्ये (ब्राउझरचे त्रुटी-संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) ‘इनिटमॅप हे फंक्शन नाही’ असे आले, तर नकाशाची स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम) आधी पोहोचली आहे आणि तिने हाक मारलेले फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा नाव दिलेला तुकडा, अजून पानात आलेलेच नाही, असे समजावे. वेग वाढवण्यासाठी स्क्रिप्टांचा क्रम बदलणारी साधने हा घोळ हमखास करतात.

म्हणून व्यवस्थापकांना एवढेच सांगितले, की यापुढे फोन करणाऱ्याला स्क्रीनशॉट पाठवायला सांगा आणि काय दिसले तेही विचारा. जळगावहून येणाऱ्या एका कुटुंबाने जे वर्णन केले ते फार मोलाचे ठरले: नकाशा आधी क्षणभर दिसतो, गोदावरीचा निळा पट्टासुद्धा दिसतो, आणि मग सगळे राखाडी होऊन मध्ये वर्तुळातले उद्गारचिन्ह येते. रेंजचा मुद्दा येथेच निकालात निघाला. नकाशाचे तुकडे त्या मोबाइलपर्यंत पोहोचत होते. कोणीतरी ते दाखवून झाल्यावर परत घेत होते. गूगल मॅप्सच्या जावास्क्रिप्ट एपीआयचे, म्हणजे वेबसाइटला नकाशा पुरवणाऱ्या सेवेचे, काम असेच चालते. स्क्रिप्ट उतरते, नकाशा रंगू लागतो आणि दरम्यान एपीआय की (ही सेवा वापरण्यासाठी खात्याला मिळणारा ओळखसंकेत) वैध आहे का, ही की या पत्त्यावर वापरायला परवानगी आहे का, याची चौकशी वेगळ्या विनंतीने होते. उत्तर नकारार्थी आले, की रंगलेला नकाशा झाकला जातो. थोडक्यात, दोष परवानगीचा होता. पण मग काउंटरवर परवानगी मिळते आणि जळगावात मिळत नाही, हे कसे?

आलेले स्क्रीनशॉट शेजारी ठेवले तेव्हा हे कोडे सुटण्याऐवजी वाढले. नकाशा दिसलेला एक आणि न दिसलेला एक, असे दोन स्क्रीनशॉट क्रोम ब्राउझरमधून घेतलेले होते आणि दोन्हींच्या पत्तापट्टीत अक्षरशः तोच पत्ता होता. एकच पान, एकच ब्राउझर, एकाच कंपनीचे सिमकार्ड. मोबाइलच्या मॉडेलपासून जाहिराती रोखणाऱ्या अ‍ॅपपर्यंत अनेक शक्यता त्या दिवशी चर्चेत आल्या आणि न्यासाच्या एका तरुण कार्यकर्त्याने तर सगळ्यांना कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइली, साफ करायला सांगणारा संदेशही तयार केला.

वस्तुस्थिती अशी होती, की ते दोन पत्ते एक नव्हतेच. क्रोम २०१९ पासून पत्तापट्टीत सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ हे भाग लपवतो. पट्टीवर टिचकी मारून पत्ता संपादनासाठी उघडला, की मगच पूर्ण पत्ता दिसतो. वापरणाऱ्याला सुटसुटीत वाटावे म्हणून केलेली ही सोय दोष शोधणाऱ्याच्या मुळावर येते. राखाडी नकाशा दाखवणारा एक मोबाइल केबलने संगणकाला जोडून त्याचे कन्सोल उघडल्यावर लाल अक्षरांतली ओळ समोर आली: ‘रेफरर नॉट अलाउड मॅप एरर’, म्हणजे या पत्त्यावरून नकाशा वापरायला परवानगी नाही. त्याच संदेशाच्या शेवटी, ज्या पत्त्याला परवानगी हवी आहे तो पत्ताही गूगल स्वतःच लिहून देते. तो पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेला होता. एपीआय कीच्या बंधनांच्या यादीत, म्हणजे ती की कोणत्या पत्त्यांवर चालावी या यादीत, मात्र एकच नोंद होती, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह.

आपल्या दृष्टीने हे दोन पत्ते एकाच घराचे असले, तरी बंधनांची यादी तपासणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने ती दोन वेगळी यजमान नावे आहेत. काउंटरवरच्या संगणकात कोणीतरी पूर्वी केलेला बुकमार्क डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा होता, त्यामुळे तेथे नकाशा कधीच बंद पडणार नव्हता. गूगलवरच्या निवासाच्या स्थळनोंदीत दिलेला पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना होता आणि बाहेरगावचा माणूस नेमका तेथूनच येतो. तक्रारदारांना ‘तुम्ही पानावर कशावरून आलात’ असे विचारत गेल्यावर चित्र स्वच्छ झाले. दिसणे आणि न दिसणे मोबाइलवर अवलंबून नव्हते, वाटेवर होते.

आता प्रश्न उरला तो हा, की ही अपुरी यादी वर्षानुवर्षे असूनही नकाशा आजवर सर्वांना कसा दिसत होता. याचे उत्तर होस्टिंगच्या बदलात होते. जुना सर्व्हर अपाची या सॉफ्टवेअरवर चालत होता आणि वेबसाइटच्या मुळाशी असलेल्या ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ नावाच्या फाइलमध्ये, कोणीही कोणत्याही पत्त्याने आला तरी त्याला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर वळवावे, असा नियम होता. नवा सर्व्हर एनजिनएक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालत होता आणि एनजिनएक्स ती फाइल वाचतच नाही. स्थलांतर करणाऱ्याने सगळ्या फाइली इमानेइतबारे हलवल्या होत्या, त्यामुळे नियम जागच्या जागी दिसत होता. फाइल उघडून पाहणाऱ्याला ‘रीडायरेक्ट तर आहे’ असेच वाटले असते. नियम होता, पण त्याला विचारणारे कोणी उरले नव्हते. वेबसाइट साध्या हाताने लिहिलेल्या पानांची होती, हाही एक योगायोग म्हणावा लागेल. वर्डप्रेस या तयार वेबसाइट-प्रणालीवर असती, तर तिने पाहुण्याला नेमून दिलेल्या पत्त्यावर बहुधा स्वतःच वळवले असते आणि हा दोष आणखी काही वर्षे झाकलेला राहिला असता.

दुरुस्तीच्या बैठकीत त्या तरुण कार्यकर्त्याने एक उपाय सुचवला, जो सर्वांना पटकन आवडण्यासारखा होता: “सर, बंधनच काढून टाकू ना. कीवर बंधन नसले, तर कुठूनही उघडेल.” ते खरेच होते, बंधन काढताच नकाशा सर्वत्र दिसला असता. परंतु जावास्क्रिप्टच्या नकाशाची एपीआय की लपवता येत नाही. पानाचा स्रोत उघडणाऱ्या कोणालाही ती दिसते. बंधन नसलेली की उचलून कोणी स्वतःच्या वेबसाइटवर वापरली, तर तिचा वापर मूळ खात्यावर चढतो. आणि येथे मूळ खाते न्यासाचे नव्हतेच. ज्या कारागिराने पूर्वी वेबसाइट केली होती, त्याच्या वैयक्तिक खात्यातील प्रकल्पात ती की तयार झालेली होती आणि बिलिंगला त्याचेच कार्ड जोडलेले होते. नाशिकच काय, कोठल्याही शहरातल्या लहान वेबसाइटांची हीच स्थिती असते. काम चालू असते तोवर कोणी विचारत नाही.

यादीत दुसरा पत्ता घालणे एवढाच उपाय करता आला असता आणि तो पाच मिनिटांत लागूही झाला असता. आम्ही आधी रीडायरेक्ट दुरुस्त केला, कारण दोन पत्त्यांवर एकच वेबसाइट उघडी राहणे हा मूळ बिघाड होता आणि नकाशामुळे तो केवळ उघडकीला आला होता. एनजिनएक्सच्या मांडणीत वळवण्याचा नियम लिहिला. आरंभी तो तात्पुरत्या प्रकारचा, म्हणजे ३०२ ठेवला आणि सर्व वाटा तपासून झाल्यावर कायमस्वरूपी ३०१ केला. कायमस्वरूपी रीडायरेक्ट ब्राउझर लक्षात ठेवतात, त्यामुळे तो चुकीचा लिहिला गेला तर सर्व्हरवर सुधारल्यानंतरही लोकांच्या मोबाइलमध्ये चुकीची वाट शिल्लक राहते. त्यानंतर यादीतही दोन्ही पत्ते घातले.

जळगावचे कुटुंब, पुण्याचे एक गृहस्थ, काउंटर, सर्वांना नकाशा दिसू लागला. तरीही एका गटाची तक्रार कायम राहिली आणि हा गट लहान नव्हता: ज्यांनी फोनवरून खोली आरक्षित केली होती ते सगळे. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जो निश्चितीचा संदेश जात असे, त्यात न्यासाचा ‘.भारत’ मध्ये संपणारा देवनागरी पत्ता होता. देवनागरीतील .भारत हे डोमेन २०१४ मध्ये सुरू झाले आणि मराठी माणसाला आपल्या लिपीत पत्ता लिहिता यावा म्हणून न्यासाने ते हौसेने घेतले होते. जुन्या व्यवस्थेत या पत्त्यावर आलेल्याला डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या सोयीतून मुख्य पत्त्यावर पाठवले जाई. स्थलांतराच्या वेळी तो पत्ताही थेट नव्या सर्व्हरवर वळता केला गेला, पण रीडायरेक्टच्या नव्या नियमात त्याचे नाव नव्हते.

या पत्त्याबाबत एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. इंटरनेटच्या नामव्यवस्थेत आतून रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढीच चिन्हे वापरली जातात. देवनागरी नाव पट्टीत देवनागरी दिसते, परंतु सर्व्हरला आणि गूगलला पोहोचते ते त्याचे प्युनिकोड रूप, ज्याची सुरुवात ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी होते. खुद्द ‘भारत’ हा शेवटचा भाग ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असा होतो. कन्सोलमधल्या संदेशात परवानगी मागणारा जो पत्ता आला तो असाच गूढ दिसत होता आणि व्यवस्थापकांनी तो पाहून “आपली साइट कोणी हॅक तर केली नाही ना?” अशी शंका घेतली. शंका वावगी नव्हती. अशा दिसण्याचे पत्ते फसवणुकीसाठीही वापरले जातात. एनजिनएक्सच्या नियमात आणि कीच्या यादीत हेच रूप लिहिले.

तरीही सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसच्या पत्त्याने येणाऱ्यांना वळण लागेना, कारण एसएसएल सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रात, हे नाव नव्हते. सुरक्षित जोडणी आधी जुळते आणि ‘येथून तिकडे जा’ हा निरोप त्यानंतरच मिळतो. प्रमाणपत्रच न पटल्याने ब्राउझर दारातूनच इशारा देऊन थांबत होता. सर्टिफिकेटमध्ये तिसरे नाव जोडल्यावर ही वाटही मोकळी झाली.

वाहनतळाच्या वेगळ्या पानावरचा दोष किरकोळ होता. कोणीतरी गूगल मॅप्सच्या पत्तापट्टीतला पत्ता जसाच्या तसा आयफ्रेममध्ये चिकटवला होता. तो पत्ता दुसऱ्याच्या पानात बसण्यास गूगलचा सर्व्हर मनाई करतो. ‘शेअर’ मधून ‘नकाशा एम्बेड करा’ हा पर्याय निवडल्यावर मिळणारा तुकडा वापरला, की काम होते. त्याला कीही लागत नाही.

खात्याच्या मालकीचा विषय मात्र लांबला. गूगलने जुलै २०१८ पासून जावास्क्रिप्टच्या नकाशासाठी की आणि बिलिंग खाते दोन्ही सक्तीचे केले. पूर्वी दरमहा २०० डॉलरांची सूट मिळे. मार्च २०२५ पासून तिच्या जागी प्रत्येक सेवेसाठी ठरावीक मोफत वापर आला. न्यासाच्या वेबसाइटचा वापर त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, म्हणजे खर्च शून्य. तरीही कार्ड जोडावे लागते, न्यासाकडे कार्ड नव्हते आणि ते घेण्यासाठी विश्वस्तांच्या सभेत ठराव लागणार होता. जुन्या कारागिराने ठराव होईपर्यंत स्वतःची की चालू ठेवण्याची तयारी दाखवली, पण त्याच्या भलेपणावर सिंहस्थ काढणे आम्हाला योग्य वाटले नाही.

म्हणून मधल्या काळासाठी लीफलेट (नकाशा दाखवणारे मोफत साधन) आणि ओपनस्ट्रीटमॅप (मुक्त नकाशा) यांचा नकाशा तयार केला, ज्याला की लागत नाही. नकाशावर श्रेयनोंद ठेवावी लागते आणि वापर माफक असावा लागतो. तो चाचणीसाठी उघडला तेव्हा चौकटीत नुसता निळा रंग दिसला आणि “हासुद्धा लोड होत नाही” असा निष्कर्ष लगेच निघाला. परंतु कोपऱ्यात अधिक-उणे बटणे होती, श्रेयनोंद होती, आणि बोटाने ओढल्यावर निळा रंग सरकत होता. नकाशा पूर्णपणे लोड झालेला होता. तो समुद्र होता. खुणांच्या फाइलमध्ये आकडे ७३.७९, २०.०१ या क्रमाने होते. खुणा फाइलमध्ये साठवण्याच्या जिओजेसन पद्धतीत रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असतो, पण लीफलेटच्या साध्या खुणेला अक्षांश आधी लागतो. परिणामी २० अंश उत्तर अक्षांशावरचे आपले रामकुंड ७३ अंशांच्याही वर, नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडले होते. दूर जाईपर्यंत उणे दाबत राहिल्यावर खालच्या बाजूला नॉर्वेचा किनारा दिसू लागला आणि सभेत हशा पिकला. आकड्यांची अदलाबदल केली आणि पंचवटी जागेवर आली.

पुढे ठराव झाला, न्यासाच्या स्वतःच्या खात्यात नवी की तयार झाली, ती केवळ मॅप्स जावास्क्रिप्ट एपीआयपुरती आणि तिन्ही पत्त्यांपुरती मर्यादित केली, दैनंदिन वापरावर मर्यादा घातली आणि खात्यावर दोन विश्वस्तांची मालकी नोंदवली. तीन खुणांचा गूगल नकाशा परत आला. माझ्या मते, एकच खूण दाखवायची असती, तर एवढा खटाटोप करूच नये. बिनकीची आयफ्रेम पुरेशी आहे.

परवानगी नाकारली गेल्यास गूगलची स्क्रिप्ट ‘जीएम_ऑथफेल्युअर’ या नावाचे फंक्शन पानात असेल तर त्याला हाक मारते. ते आता लिहून ठेवले आहे, जेणेकरून राखाडी चौकटीऐवजी गल्लीचे रेखाचित्र येते. स्क्रिप्टच उतरली नाही तर हे फंक्शन जागे होत नाही, त्यामुळे स्क्रिप्टच्या टॅगवर वेगळी त्रुटी-तरतूद केली आणि तीही तेच रेखाचित्र दाखवते. नकाशा दिसो वा न दिसो, त्याखाली दोन गोष्टी कायम असतात: पंचवटी कारंजापासून चालत येण्याचा मार्ग सांगणाऱ्या चार ओळी, आणि मोबाइलमधले मॅप्स अ‍ॅप थेट दिशादर्शनासह उघडणारी लिंक, जिला कसलीही की लागत नाही. व्यवस्थापकांच्या सांगण्यानुसार आता फोन करणारे बहुतेक जण या लिंकवरूनच आलेले असतात. काउंटरवरचा बुकमार्क काढून टाकला असून महिन्यातून एकदा तेथील कारकून दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर तिन्ही पत्ते हाताने टाइप करून पाहतो. निश्चितीच्या संदेशातला देवनागरी पत्ता विश्वस्तांच्या आग्रहाने तसाच ठेवला आहे.